कोरडी खिडकी

यंदाही ओल आली. आषाढ अर्धा सरला की ती येतेच. बाहेरच्या खोलीत, खिडकीच्या खाली, उजव्या कोपऱ्यात, जमिनीपासून दोन हात उंचीवर. आधी रंगाला फुगा येतो, मग तो फुटतो, आतून पांढरी भुकटी सांडायला लागते आणि मधोमध गंजाचा एक तपकिरी ठिपका उमटतो. मी दर वर्षी तो पुसते. पुसून काही होत नाही हे मला माहीत आहे, पण हात स्वस्थ बसत नाही. भिंत बोटाला गार लागते, आणि नंतर कितीतरी वेळ बोटाला मातीसारखा वास येत राहतो.

खिडकीतून मात्र थेंब येत नाही हं. खिडकी आमची एक नंबर आहे. तीन ट्रॅकची स्लायडिंग, कडेला काळं रबर, मच्छरांची जाळी, सगळं काही. बाहेर आभाळ फाटलं तरी आत टीव्हीचा आवाज वाढवावा लागत नाही. मी हौसेने बसवून घेतली. माझ्याच हौसेने, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे लिहिताना विलासच्या, माझ्या नवऱ्याच्या, अंगावर काही ढकलायचा मोह व्हायला नको.

भांडुपला डोंगराकडच्या अंगाला आमची बिल्डिंग. चार मजले, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्यावर. इथला पाऊस बाकीच्या मुंबईतल्या पावसापेक्षा जरा जास्तच मनावर घेतो. स्टेशनला चार थेंब पडत असतात तेव्हा आमच्याकडे गटारं वाहायला लागलेली असतात. जुलैत असा गारठा पडतो की पंखा बंद करून गोधडी काढावी लागते. लोकांना सांगितलं तर हसतात, मुंबईत कसला आलाय गारठा म्हणून. त्यांनी आमच्या जुन्या खिडकीखाली एक पावसाळा झोपून बघायला हवं होतं.

जुनी खिडकी लाकडी. तीन झडपा, प्रत्येकीला काचेचे दोन चौकोन. मे महिन्यात ती गुमान लागायची. पाऊस सुरू झाला की लाकूड फुगायचं, मग एक झडप लागायचीच नाही आणि दुसरी लागली की उघडायची नाही. मधल्या झडपेचं खालचं लाकूड कुजून इतकं मऊ झालं होतं की तन्वी, आमची मुलगी, लहानपणी त्यात नखाने भोकं पाडत बसायची. फटीत वर्तमानपत्राच्या घड्या, कट्ट्यावर गोणपाट, गोणपाटाखाली जुना टॉवेल, आणि तरी खाली परात. सकाळी उठून आधी तो टॉवेल पिळायचा, मग चहा. वासाचं तर विचारू नका. ओली गोधडी, ओलं गोणपाट, तीन दिवस न वाळलेले मोजे आणि त्यावर लसणीची फोडणी. तो सगळा वास अंगावर घेऊन मी मुलुंडला जायची. तिथे एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी पेशंटचे नंबर लावायला बसते. बसल्या बसल्या सारखं वाटायचं, समोरच्याला माझ्या ओढणीचा कुबट वास येतोय.

खिडकीच्या बाहेर बॉक्स ग्रील होतं. भिंतीला ठोकलेला लोखंडी पिंजरा, दीड-दोन फूट बाहेर आलेला, वर पत्रा. उपनगरात असं ग्रील नाही असं घर सापडणं कठीण. कागदावर ती जागा आपली नसते, पण घरातली निम्मी अडगळ तिथेच राहते. आमच्या ग्रीलमध्ये अडगळ नव्हती. तिथे माझे सासरे राहायचे.

राहायचे म्हणजे जेवायला-झोपायला आत, बाकी सगळा वेळ तिथे. सगळी बिल्डिंग त्यांना आबा म्हणायची. त्यांचं आयुष्य गिरणीत मागावर गेलेलं. त्या खडखडाटाने कान अधू झाले आणि आवाज मोठा झाला. ते साधं मीठ मागायला लागले तरी पाहुण्यांना वाटायचं, घरात भांडण पेटलंय. वन रूम किचनमध्ये असा आवाज म्हणजे डोक्याला ताप. गिरणी बंद पडल्यावर सासूबाईंनीच त्यांना ग्रीलचा रस्ता दाखवला म्हणे. गजांवर एक फळी टाकली, फळीवर पोतं, बाजूला रंगाच्या डब्यांत तुळस आणि ओवा, कोपऱ्यात ट्रान्झिस्टर. पत्रा गळायचा तिथे तारेने छत्री बांधलेली. गिरणीतून येताना आबांनी एक लोखंडी पाना आणला होता, तो खिळ्याला टांगलेला. लुंगी गुडघ्यावर घेऊन, मांडी घालून ते त्या दीड फुटात तासन् तास बसायचे. जागा एवढीशी, पण तिथे बसलेला माणूस घरमालकासारखा दिसायचा.

आणि त्यांना तिथे काम होतं. आमच्यासमोर बी विंग आहे. खोलीत उभं राहिलं तर खिडकीतून फक्त तिची भिंत आणि पाण्याचे पाइप दिसतात. पण ग्रीलमध्ये बाहेर बसून मान डावीकडे वळवली की दोन विंगच्या मधल्या फटीतून डोंगर दिसायचा. पाऊस आमच्याकडे डोंगरावरून उतरतो. आधी माथा पुसला जातो, मग झाडं, मग पायथ्याची घरं, आणि पाच मिनिटांत तो आपल्या दारात हजर. डोंगर दिसेनासा झाला की आबा खिळ्यावरचा पाना काढायचे, गजावर तीनदा ठण ठण ठण करायचे आणि त्या गिरणीच्या आवाजात ओरडायचे, "डोंगर गेलो! कपडे घेवा गो आत!"

चारही मजल्यांच्या खिडक्यांतून हात बाहेर यायचे. चिमटे खाली पडायचे, दोऱ्या रिकाम्या व्हायच्या, कुणीतरी धावत गच्चीवर जायचं. बी विंगच्या बायकाही ऐकायच्या. दुसऱ्या मजल्यावर संगीताताई राहतात, नर्स आहेत, मूळच्या लातूरकडच्या. त्यांचे पांढरे युनिफॉर्म वाळणं ही पावसाळ्यात आमच्या विंगची सार्वजनिक काळजी असायची. त्या म्हणायच्या, टीव्हीवाल्यांना काय कळतंय, आमच्या आबांना विचारा. आबा चुकायचे नाहीत असं नाही. नुसतं धुकं आलं तरी ओरडायचे. मग बायका वरून-खालून त्यांची टर उडवायच्या, आबा, डोंगर परत आला बघा. आणि आबा मिश्यांवरून हात फिरवत हसायचे.

मला मात्र त्या ठणठणाटाचा राग यायचा. आठवडाभर दवाखान्यात लोकांशी हुज्जत घालून रविवारी दुपारी जरा डोळा लागावा, तर कानाशी ठण ठण ठण. आज मागे वळून बघताना ते सगळं किती गोड होतं असं लिहायचा मोह होतो. तेव्हा गोड वाटत नव्हतं. तेव्हा मी उशी कानावर दाबायची.

एका श्रावणात दवाखान्यातल्या मैत्रिणीकडे सत्यनारायणाला गेले. मुलुंडलाच, नवा फ्लॅट. बाहेर धो धो पाऊस आणि आत शिऱ्याचा वास, नुसता शिऱ्याचा, दुसरा कसला नाही. मी खिडकीजवळ गेले. काचेवरून पाणी वाहत होतं आणि आवाज नव्हता. काचेला तळहात लावला, कोरडी. चौकटीच्या फटीत बोट फिरवलं, कोरडं. मैत्रीण म्हणाली, काय तपासतेस गं, साफसफाई? मी हसले, पण मला रडू येईल असं वाटत होतं, एका खिडकीसाठी. तुम्हाला हसू येईल. ज्याने सोळा-सतरा पावसाळे टॉवेल पिळून दिवस सुरू केलाय त्याला नाही येणार. घरी येऊन मी विलासला सांगून टाकलं की पुढच्या पावसाच्या आत मला तसली खिडकी हवी. तन्वीला दर पावसाळ्यात खोकला लागायचा आणि पुढच्या वर्षी तिची दहावी होती, त्यामुळे माझी बाजू भक्कम होती. विलास बिचारा कधी नाही म्हणत नाही.

आता आबांच्या 'करा'बद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच आहे. माझं माहेर घाटावरचं. आमच्याकडे हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही, वर दोन शिव्या. लग्न होऊन इथे आले तेव्हा आबांचं कुठलं हो आणि कुठलं नाही ते मला उमगायचंच नाही. सासूबाईंनी पहिल्याच वर्षी भाकऱ्या थापता थापता शिकवलं होतं, "ह्येंच्या तोंडातसून 'करा' इला की थांबाचा, गो. होय आसात तर ते झगडतत." म्हणजे एखादी गोष्ट पसंत असली की आबा तिच्यात शंभर खोड्या काढणार. हा रंग कशाला, हा माणूस बरोबर नाही, याच्यापेक्षा दादरला चांगलं मिळतं. ते भांडायला लागले की समजायचं, होकार आहे. आणि मनातून नको असलं की एकच वाक्य, करा काय तां. गावच्या घरामागचा फणस तोडून तिथे न्हाणीघर बांधायचं भावांनी ठरवलं, तेव्हा आबा फोनवर 'करा' म्हणाले होते. फणस गेला. त्यानंतर त्यांनी फणसाचा गरा तोंडात घातला नाही, आणि का ते कुणाला सांगितलंही नाही. हे सगळं मला पाठ होतं. सासूबाई जाऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती, आणि मला वाटायचं, आता या घरात आबांचं 'करा' कळणारी मी एकटीच उरले आहे.

मे महिन्यात स्लायडिंगवाला मापं घ्यायला आला. त्याने टेप लावली, ग्रील हलवून बघितलं आणि सांगितलं की पत्र्यावरचं पाणी ग्रीलच्या तळात साचतं, तिथून घरात येतं. ठेवायचं असेल तर ठेवता येईल, खालचा पत्रा बदलू, वर नवं छत घालू. नको असेल तर काढून टाकू आणि भिंतीला सपाट ग्रील लावू, दिसायलाही साफ. मग त्याने मला विचारलं, "ठेवायचं की काढायचं, ताई?"

आबा ग्रीलमध्येच बसले होते. टेप त्यांच्या मांडीवरून गेली होती. विलास किचनच्या दारात उभा होता, तन्वी पलंगावर पुस्तक घेऊन. मी आबांना विचारलं, काय करूया? चांगलं मोठ्याने विचारलं. त्यांना ऐकू जावं म्हणून, आणि खरं सांगायचं तर नंतर मला म्हणता यावं म्हणून, की बाई, मी विचारलं होतं.

आबा तुळशीची वाळकी पानं खुडत होते. वर न बघता म्हणाले, "करा काय तां."

तन्वीने पुस्तकाचं पान उलटलं. खाली भंगारवाल्याची हाक चालली होती ती संपली. मी त्या माणसाकडे वळून म्हटलं, "काढा."

ग्रील काढताना त्याचे भिंतीतले खुंटे काही केल्या निघेनात. मग कारागिरांनी ते ग्राइंडरने भिंतीलगत कापले आणि वरून सिमेंट फासलं. तुळस आणि ओवा गच्चीवर गेले. फळी आबांनी स्वतः उचलून पलंगाखाली सरकवली आणि पाना उशीखाली ठेवला. नवी चौकट बसेपर्यंत दोन दिवस खिडकीच्या जागी नुसतं भगदाड होतं, त्यावर निळी ताडपत्री. आबांनी ताडपत्रीसमोर खुर्ची टाकली होती. वाऱ्याने ती फुगायची आणि परत बसायची, आणि ते तिच्याकडे बघत बसायचे. मी म्हटलं, आबा, दोन दिवसांत मस्त काच लागेल हां, बघा तुम्ही. ते म्हणाले, होय होय.

मग पाऊस लागला आणि मी सुखी झाले. हेही लिहायला पाहिजे, नाहीतर पुढच्या सगळ्याला अर्थ नाही. इतकी सुखी मी या घरात कधी झाले नव्हते. सकाळी उठायचं आणि टॉवेल पिळायचा नाही. जमीन कोरडी, गोधडी कोरडी, तन्वीच्या वह्यांची पानं सरळ. तिचा खोकला त्या पावसाळ्यात आलाच नाही. पहिल्या आठवड्यात मी ओळखीपाळखीच्या सगळ्या बायकांना घरी बोलावून खिडकी दाखवली. सरकवून दाखवायची, बंद करायची, म्हणायची, ऐका, काही ऐकू येतंय? कुणालाच काही ऐकू यायचं नाही. त्या सगळ्या वेळी आबा आतल्या खुर्चीत बसलेले असायचे, काचेकडे तोंड करून. बायका गेल्या की टॉवेलने काचेवरचं धुकं पुसायचे. पुसल्यावर बी विंगची भिंत दिसायची.

कधीतरी ते खिडकी सरकवून डोकं बाहेर काढायचा प्रयत्न करायचे. सपाट ग्रीलला नाक लागायचं, पुढे जायला जागाच नव्हती. तेवढ्यात पाण्याची झड आत यायची, आणि आमच्यापैकी कुणीतरी म्हणायचं, आबा, पाणी येतंय, बंद करा ना. एवढी कोरडी खिडकी करून घ्यायची आणि ती उघडी ठेवायची, हे मलाही बघवायचं नाही. ते लगेच बंद करायचे. खिडकी अगदी सुरळीत सरकायची, आवाजसुद्धा व्हायचा नाही.

त्या जुलैतल्या एका रविवारी सकाळी लख्ख ऊन पडलं. सगळ्या विंगने हपापल्यासारखे कपडे बाहेर घातले, चादरीसुद्धा. दुपारी जेवणं चालली असताना पाऊस आला, पाच मिनिटांत सगळं चिंब. आमच्याकडे आत काही कळलंच नाही. संगीताताई वर आल्या, हातात पिळलेला युनिफॉर्म. दुसऱ्या दिवशी त्यांची सकाळची ड्युटी होती. त्यांनी मला विचारलं, आबा बरे आहेत ना? बरे आहेत म्हटलं, आत जेवतायत. त्यांनी आत डोकावून बघितलं, नव्या खिडकीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, मग त्यांना बसायला कुठे ठेवलंस?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. आबांना ऐकू गेलं की नाही माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यातून आले तर ते घरात नव्हते. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या जिन्यात स्टूल टाकून बसले होते. जिन्याला सिमेंटची नक्षीची जाळी आहे. त्या जाळीच्या एका भोकातून डोंगराचा माथा दिसतो, हे मला सतरा वर्षांत माहीत नव्हतं. त्यांनी एका दुपारीत शोधून काढलं. जाळीतून पाणी येत होतं, डावा खांदा भिजलेला, मांडीवर पाना. मला बघून लहान मुलासारखे खूश होऊन म्हणाले, हयसून दिसता गो.

आठ-दहा दिवस ते तिथे बसले. डोंगर गेला की जिन्याच्या लोखंडी कठड्यावर पाना वाजवायचे. जिन्यात तो आवाज असा घुमायचा की खालच्या मजल्यावर नव्याने आलेल्या भाडेकरूंनी तक्रार केली. येणारा-जाणारा थांबून विचारायचा, आबा, इथे का बसलाय? ते म्हणायचे, बरा वाटता. पण लोकांना तोंड असतंच. चौथ्या मजल्यावरच्या एका बाईने मला जिन्यातच गाठून हसत हसत सांगितलं की नवी खिडकी भारीच जमली हो तुमची, सासरेच बाहेर गेले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिला काही बोलले नाही. वर आले, आबा जाळीशी बसले होते, त्यांना बोलले.

"आबा, सगळे म्हणतात, सुनेने जिन्यात बसवलंय. घरात एवढी चांगली खिडकी आहे ना तुम्हाला? आत या आधी."

आवाज चढला होता माझा. ते कानाने अधू, पण हे त्यांना अक्षर न् अक्षर ऐकू गेलं. त्यांनी स्टूल उचललं. उठताना गुडघ्यावर हात ठेवून जरा थांबले आणि म्हणाले, "खिडकी आसा गो. पावस नाय."

त्यांनी ते तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. भाजीत मीठ नाही असं सांगावं तसं म्हटलं. मग आत आले आणि खुर्चीत बसले. त्यानंतर ते जिन्यात गेले नाहीत. पाना पुन्हा उशीखाली गेला. मला वाटलं, चला, मिटलं एकदाचं. दोन दिवस मी त्यांना आवडतं म्हणून कुळथाचं पिठलं केलं, आणि त्यांनी ते गपचूप खाल्लं. पिठलं पातळ झालंय, कोकम कमी आहे, असलं एकही वाक्य नाही. आबा माझ्या हातच्या जेवणाशी भांडले नाहीत, तेव्हाच मला कळायला हवं होतं. खोटं कशाला बोलू, कळलं होतं. मी ताट उचललं आणि भांडी घासायला घेतली.

गणपतीला ते गावी गेले, दर वर्षी जायचे तसे. परत यायच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला, थोडे दिस रवतंय हयसर. थोडे दिवस म्हणजे दिवाळीपर्यंत, दिवाळी म्हणजे शिमग्यापर्यंत. विलास दोनदा आणायला गेला आणि दोनदा एकटा परत आला. म्हणाला, त्यांना तिथे बरं वाटतंय. मीही तेच धरून चालले. वन रूम किचनमध्ये एक माणूस कमी झालं की दहावीच्या मुलीला टेबल टाकायला जागा होते. टेबल मी त्यांच्या खुर्चीच्या जागी टाकलं. तन्वीला छान मार्क मिळाले.

दुसरा पाऊस लागला. दर रविवारी फोन व्हायचा. आबा आधी तन्वीची चौकशी करायचे, मग विलासची, मग माझी, आणि शेवटी हमखास विचारायचे, डोंगर आसा मां? आम्ही म्हणायचो, आहे आहे. खिडकी बंद असायची, टीव्ही चालू असायचा. जिन्यापर्यंत बारा पावलं आहेत, तेवढी चालून जाऊन कुणी बघितलं नाही. आहे म्हणायला काय जातं? एकदा नुसतीच गंमत म्हणून मी म्हटलं, नाही आबा, गेला डोंगर. त्यावर ते पलीकडून इतक्या घाईने म्हणाले, मगे कपडे घेवा गो आत, की मी फोन विलासच्या हातात दिला.

त्या पावसाळ्याच्या शेवटी, नवरात्राच्या आसपास, ते गेले. झोपेत गेले, त्रास नाही. आम्ही पोचलो तेव्हा विलासच्या धाकट्या चुलत्यांनी सांगितलं की दिवसभर पडवीत बसायचे, डोंगराकडे तोंड करून. कुणाला हाक मारत नव्हते. तिथे डोंगर सगळ्यांनाच दिसतो, सांगायचं कुणाला? पाना त्यांनी सोबत नेला होता. उशाशी पिशवीत होता, लुंगीत गुंडाळलेला. विलासने तो आणला नाही, आणि आण असं म्हणायचा अधिकार मला आहे असं मला वाटलं नाही.

ओल त्याच वर्षी पहिल्यांदा आली होती. रंगारी म्हणाला, आत लोखंड राहिलंय मॅडम, ते गंजतंय आणि पाणी ओढतंय. ग्रीलचा कापलेला खुंटा. भिंतीत चार आहेत, पण तोंड काढतो हा एकटाच, आबा टेकून बसायचे त्या बाजूचा. यात मी काही अर्थ शोधत नाही. पावसाची झड त्या बाजूला बसते, म्हणून ओल त्या बाजूला, एवढं साधं आहे. दोनदा पुट्टी भरली, एकदा ते महागातलं पावसाळी केमिकल लावलं. पुढच्या आषाढात पुन्हा तेच. गेली काही वर्षं मी रंगाऱ्याला तिथे हातच लावू देत नाही. टीव्हीचं कपाट सरकवून झाकते आणि दिवाळीत परत जागेवर आणते.

आता बिल्डिंगमध्ये कपडे कुणी बाहेर घालत नाही. सगळ्यांच्या खिडक्या सरकत्या, सगळ्यांची दोरी आत, छताला. पंख्याखाली युनिफॉर्म वाळतात. संगीताताई रिटायर झाल्या. परवा जिन्यात भेटल्या तेव्हा जाळीकडे बघून म्हणाल्या, आबा असते तर आज दिवसभर ठणठण केली असती. मी हो म्हटलं आणि पुढे झाले. त्या बाईंनी मला एका शब्दानेही कधी दोष दिला नाही, आणि त्यांच्यासमोर उभं राहायला मला अजूनही जड जातं.

गेल्या आठवड्यात तन्वी ऑफिसमधून आली. आता ती कमावती आहे, आणि आमच्या घरात निर्णय घेण्याचं माझं खातं हळूहळू तिच्याकडे चाललंय. कपाटाच्या मागून सांडलेली पांढरी भुकटी तिने बघितली आणि म्हणाली, बास झालं आता हे. तिने एका माणसाशी बोलून ठेवलं होतं. पाऊस जरा उघडला की शनिवारी दोघं जण गच्चीवरून दोरी सोडून बाहेरच्या बाजूने उतरणार, ते चारही खुंटे खणून काढणार आणि भिंत कायमची बुजवून देणार. पुन्हा म्हणून ओल यायची नाही. ती उत्साहाने बोलत होती, फोनवर त्यांनी केलेल्या दुसऱ्या भिंतींचे फोटो दाखवत होती. चांगल्या झाल्या होत्या भिंती.

मी कोथिंबीर निवडत होते. वर न बघता म्हटलं, "करा काय ते."

 तन्वीने फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि माझ्याजवळ येऊन बसली.

"म्हणजे नको ना, आई?"

माझ्या हातातली काडी हातातच राहिली. एवढंच वाक्य होतं. तेव्हा मे महिन्यात, टेप हातात घेऊन तो माणूस उभा असताना, एवढं एकच वाक्य मला म्हणायचं होतं. त्यासाठी काही लागत नव्हतं. खिडकी झालीच असती, ग्रीलही राहिलं असतं, वर नवं छत घालून द्यायला तो माणूस तयार होता.

मी तिला विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? आजी गेली तेव्हा तू लहान होतीस. ती म्हणाली, शिकवायला कशाला पाहिजे, आबा रोजच तर असायचे समोर. मग मी विचारलं ते, जे इतकी वर्षं मी कुणालाच विचारलं नव्हतं.

"त्या दिवशी आबा 'करा' म्हणाले, तेव्हा तुला कळलं होतं?"

ती माझ्या पुढ्यातली कोथिंबीर घेऊन निवडायला लागली. मग म्हणाली,

"सगळ्यांनाच कळलं होतं गं. पप्पांना पण. मला पण कोरडी खिडकी हवी होती."

बाहेर पाऊस चालू असावा. काचेवरून पाणी वाहत होतं. आम्ही दोघींनी मिळून कोथिंबीर संपवली. मग तिने फोन उचलून त्या माणसाला कळवलं की शनिवारी येऊ नका.